चावीचा पहिला खटका

(दृश्य : पुणे, नाना पेठ. गाडीचं दार उघडं. पाय बाहेर, डोकं डॅशबोर्डखाली, अशा अवस्थेत एक वायरमन.)

"साहेब, चावी एक खटका फिरवा. एकच."

खट्. रेडिओ बोलायला लागतो, इंजिन अजून गप्प. चावीच्या घरावर 'एसीसी' लिहिलेली ही जागा म्हणजे अ‍ॅक्सेसरी. बटणाच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबलं की हेच होतं. आज इथे डॅशकॅमला, म्हणजे काचेवरून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला, करंट द्यायचाय, तो याच लायनीतून.

(दृश्य : फ्यूजबॉक्स. रंगीत फ्यूज जवळून.)

खाकी 5 अँपिअरचा, लाल 10, निळा 15, पिवळा 20. वायरमनच्या हातात टेस्ट लॅम्प. त्याची चिमटी बॉडीच्या बोल्टला, टोक फ्यूजच्या माथ्यावर. चावी बंद, दिवा बंद. चावी एक खटका, दिवा पेटला. म्हणजे लाइन सापडली. चावी काढल्यावरही दिवा पेटत राहिला, तर ती थेट बॅटरीची लाइन. एअरबॅग आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) फ्यूजला मात्र तो हातही लावत नाही.

आता स्टार्टर मारला की दिवा क्षणभर विझतो. बिघाड नाही हा. सेल्फ फिरताना शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत तेवढ्यापुरती अ‍ॅक्सेसरी लाइन तोडलेली असते. तुमचा कॅमेरा दर वेळी दोनदा का 'टूँ' करतो, त्याचं उत्तर हे.

(दृश्य : वायरीवरची जुनी काळी टेप, डिंक ओघळलेला.)

ही आधीच्या कुणाची तरी करामत. वायर सोलली, दुसरी गुंडाळली, वर टेप. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डखाली डिंक सुटतो, तांबं उघडं पडतं, आणि मध्ये फ्यूजच नसतो. आपण समजतो फ्यूज कॅमेऱ्याला वाचवतो. तो खरं तर वायरीला वाचवतो! बारीक वायर 20 अँपिअरच्या फ्यूजवर टाकली, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज उडायच्या आधी वायरच जळू शकते.

त्यापेक्षा हा फ्यूज टॅप बरा, फ्यूजच्या जागी बसणारा दोन खाचांचा जोड. एका खाचेत गाडीचा जुना फ्यूज, दुसरीत कॅमेऱ्याचा, 3 किंवा 5 अँपिअरचा. उलटा बसवला तरी कॅमेरा चालतो. फक्त नव्या वायरीचा भार जुन्या फ्यूजमधूनही जायला लागतो. म्हणून हा माणूस जुना फ्यूज काढून दोन्ही खाचा तपासतो आणि करंट येतो ती बाजू शोधतो. दोन मिनिटांचं काम, पण ते करणारे थोडे.

वायर वर नेताना काचेशेजारच्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल, तर वायर तिच्या मागून. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना आड येईल.

(दृश्य : सोसायटीचं पार्किंग, धूळ बसलेली गाडी.)

उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग हवं असेल, तर थेट बॅटरीची लाइनही जोडावी लागते. मग हिशेब करा. कॅमेरा पाव अँपिअर खातो असं धरलं, तर दिवसाला 6 अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी 35ची. दिवाळीला आठवडाभर कोकणात रेल्वेनं गेलात, तर परतल्यावर सेल्फ नुसता टकटक करेल. म्हणून व्होल्टेज 12च्या आसपास उतरलं की कॅमेरा तोडणारा डबा मध्ये लागतो.

(दृश्य : पुन्हा नाना पेठ.)

वायरमन बाहेर येतो, गुडघे झटकतो. चावी निघते. कॅमेऱ्याचा निळा दिवा दोनदा लुकलुकतो, विझतो. तो टेस्ट लॅम्प घेऊन पुन्हा खाली वाकतो.