रिसीच्या वाटेवरचं ओझं

नमस्कार, श्रोतेहो.

आज युरोपातल्या एका डोंगराकडे जायचंय, आणि तो आल्प्समधला नाही. आल्प्स आपण हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून इतका पाहिलाय की तिथल्या गाईसुद्धा ओळखीच्या वाटतात. आजचा डोंगर कार्पेथियन रांगेतला. ही रांग स्लोवाकिया, पोलंड, युक्रेन करत रोमानियापर्यंत वळत जाते. तिचा सगळ्यात उंच भाग म्हणजे उंच तात्रा, स्लोवाकिया आणि पोलंडच्या सीमेवरचा. तिथलं सर्वोच्च शिखर गेर्लाख, उंची २६५५ मीटर. पण गेर्लाखवर सामान्य माणसाला परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. म्हणून माझ्यासारखे लोक रिसीवर जातात. रिसी, २५०३ मीटर. तात्रामध्ये रंगीत खुणांच्या वाटेनं, आपल्या आपण, जिथवर चढता येतं त्यातलं हे सगळ्यात उंच ठिकाण.

रिसीला दोन बाजूंनी वाटा आहेत. पोलंडकडून मोर्स्किए ओको या तळ्यावरून जाते ती उभी आणि साखळ्यांनी भरलेली. स्लोवाकियाकडून येते ती लांब, पण मायाळू. आज स्लोवाकियाची वाट.

पोप्राद गावातून छोट्या रुळांची विजेची गाडी निघते. १९०८ साली सुरू झालेली ही सेवा आजही चालू आहे, आणि वेळेवर आहे. ती तुम्हाला श्ट्रब्स्के प्लेसो नावाच्या तळ्यापाशी सोडते. तळ्याची उंची १३४६ मीटर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वर. सुरुवातच महाबळेश्वरावर, आणि तिथून पुढे साडेअकराशे मीटर चढायचं. जाऊन येऊन आख्खा दिवस धरा. पुन्हा सांगतो, आख्खा दिवस. सकाळी सहाला पायवाटेवर पाऊल पडलं पाहिजे.

एक गोष्ट मला तिथली फार आवडते. पाट्यांवर अंतर लिहिलेलं नसतं, वेळ लिहिलेली असते. इतके तास, इतकी मिनिटं. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशी विचारलं की "हे काय, आलंच की" असं उत्तर येतं आणि मग तीन तास ते 'आलंच' काही येत नाही. आमच्या भाचीचं म्हणणं, पाटीवरची वेळ धडधाकट स्लोवाक माणसाची असते, आपण त्यात तिसरा हिस्सा मिळवायचा. मिळवा.

आता भाचीचं नाव निघालंच आहे, तर तो किस्सा सांगतो. खरं तर तो सांगायला मिळावा म्हणूनच मी हा विषय घेतला.

भाची नोकरीला पोलंडमधल्या क्राकोवमध्ये. तिच्याकडे गेलो होतो मी आणि तिचे वडील, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. भाऊजी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात. युरोपात पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक पाण्याच्या बाटलीचे रुपये करून झाले होते. आदल्या रात्री भाचीनं सांगितलं, "बाबा, वर एक घर आहे, तिथे गरम चहा मिळतो." भाऊजींनी पहिला प्रश्न विचारला, "केवढ्याला?"

हे घर म्हणजे रिसीखालचा निवारा. २२५० मीटरवर, तात्रामधला सगळ्यात उंचावरचा. फक्त उन्हाळ्यात उघडा. १९३०च्या दशकातलं बांधकाम, पुढे हिमस्खलनांनी वारंवार मोडलेलं आणि पुन्हा उभं केलेलं. तिथे रस्ता जात नाही. सामान नेणारा रोपवेही नाही. तिथलं पीठ, कोबी, गॅसची टाकी, बिअरचं पिंप, सगळं माणसाच्या पाठीवरून वर जातं. लक्षात ठेवा हं, सगळं पाठीवरून.

तर पोप्रादस्के प्लेसो या दुसऱ्या तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथे रिसीची वाट फुटते, तिथे झाडीच्या कडेला काही सामान रचून ठेवलं होतं. दोरीनं बांधलेल्या लाकडाच्या मोळ्या, पाण्याच्या बाटल्या, पिशव्या. शेजारी पाटी. भाचीनं वाचून सांगितलं, "यातलं काहीतरी वर घेऊन जा, निवाऱ्यात चहा मिळेल."

भाऊजींचा चेहरा उजळला. तसा तो माणूस फुकट काही घेणार नाही. पण मेहनतीनं चहा सुटतोय म्हटल्यावर सोडणारही नाही. त्यांनी पाण्याच्या बाटल्या उचलून पाहिल्या, ठेवल्या. मोळी उचलून पाहिली, ठेवली. आणि मग मागच्या बाजूला त्यांना एक गठ्ठा दिसला. कमरेएवढा उंच, पांढरा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. टॉयलेट पेपरचे रोल. भाऊजींनी तो एका हातानं उचलला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू सगळ्या स्लोवाकियाला जो हिशेब जमला नाही तो त्यांनी सोडवला होता. "बघ," म्हणाले, "वजन काहीच नाही. आणि चहा तोच."

भाऊजींच्या सॅकमध्ये सुतळीचा गुंडा नेहमी असतो. (असावाच. हल्ली पोरं हजारो रुपयांच्या सॅका घेतात आणि दोन हात सुतळी जवळ नसते.) सुतळीनं त्यांनी तो गठ्ठा सॅकवर आडवा आवळला. आडवा. दोन्ही खांद्यांच्या बाहेर हातहातभर.

पहिला तासभर मजेत गेला. तिथे डोंगरात येणारा-जाणारा प्रत्येक जण "आहोय" म्हणतो, बारक्या पोरापासून आजोबांपर्यंत. त्या दिवशी "आहोय" जरा जास्तच हसऱ्या तोंडानं येत होतं. भाऊजी म्हणाले, "किती मनमोकळी माणसं आहेत रे ही." भाची खाली बघून चालत होती. बेडकांची तळी म्हणतात ती दोन छोटी तळी उजव्या हाताला राहिली. झाडं केव्हाच संपली होती. नुसते करडे धोंडे, आणि कुठेतरी मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातला डोंगरी प्राणी, शीळ घालत होता.

मग आल्या साखळ्या. तळ्यांच्या वर एक उभा कातळटप्पा आहे. लोखंडी पायऱ्या, शिड्या आणि साखळ्या लावलेला. अवघड म्हणाल तर नाही, कळसूबाईच्या शिड्या चढलेला माणूस सहज चढेल. पण वाट एकाच माणसाची. भाऊजी चार पायऱ्या चढले आणि गठ्ठा कातळाला टेकला. डावीकडे वळावं तर डावं टोक अडे, उजवीकडे वळावं तर उजवं. आणि दरीतून वारा. एवढा हलका गठ्ठा, वाऱ्यानं भरला की भाऊजींना साखळीपासून हातभर बाजूला ओढायचा. वर उतरणाऱ्यांची रांग. एक, पाच, दहा माणसं. खाली आमची रांग. कुणी चिडत नव्हतं, पण कुणी हलूही शकत नव्हतं. भाची म्हणाली, "बाबा, सोडा तो." भाऊजी म्हणाले, "सोडू कसा? पोचवायचा म्हणून उचललाय."

तेवढ्यात खालच्या रांगेतली माणसं कातळाला चिकटून उभी राहायला लागली. वाट देत होती. मागून निवाऱ्याचा भारवाहक येत होता.

हे दृश्य मी विसरणार नाही. पाठीला लाकडी चौकट, डोक्याच्या वर हातभर गेलेली. तिच्यावर खाली बिअरचं पिंप, त्यावर गॅसची टाकी, त्यावर खोकी, आणि सगळ्यात वर अंड्यांचा ट्रे. माणूस पन्नाशीचा असावा. पोटऱ्या दगडी. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप पायरीवर पडत होता, पण श्वास संथ, मोजून घेतल्यासारखा. तो भाऊजींच्या मागे येऊन थांबला. गठ्ठ्याकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं. स्वतःचं ओझं पाठीवरच. एक गुडघा पायरीला टेकवला, एका हातानं साखळी धरली, दुसऱ्या हातानं भाऊजींची गाठ सोडली, गठ्ठा उभा केला आणि पुन्हा बांधला. आपल्या चौकटीचा एक पट्टा काढून वरून आवळला. मग भाऊजींच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. एक शब्द बोलला नाही. भाऊजी आता सुरळीत वर गेले, वरच्या पहिल्या रुंद जागी बाजूला झाले, आणि हा माणूस त्यांच्या शेजारून पुढे निघून गेला. साखळीला हात न लावता.

भाऊजी बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "किती असेल गं त्याच्या पाठीवर?" निवाऱ्यात पोचल्यावर भाचीनं विचारून घेतलं. त्या दिवशी साधारण ऐंशी किलो. तिथे शंभराच्या वर नेणारेही आहेत.

खिडकीतल्या मुलीनं गठ्ठा घेतला, भारवाहकाचा पट्टा बाजूला ठेवला आणि चहाचा मग पुढे केला. लिंबू घातलेला, बिनदुधाचा. माझं प्रामाणिक मत आहे की बिनदुधाचा चहा हा काढा असतो, पण २२५० मीटरवर मी ते मत खिशात ठेवलं. गठ्ठा गेला तो सरळ निवाऱ्याच्या संडासाकडे. तो दरीच्या तोंडावर बांधलाय, बसल्या जागी समोर पर्वतरांग दिसते. भाऊजी मुद्दाम जाऊन पाहून आले. परतताना त्यांनी त्या मुलीला खुणेनं विचारलं, खाली न्यायला काही आहे का? कारण कचराही पाठीवरूनच खाली येतो. तिनं रिकाम्या बाटल्यांची पिशवी दिली. ती त्यांनी इमानानं पोप्रादस्के प्लेसोपर्यंत आणली. खाली आणलेल्या ओझ्याला चहा नसतो, हे तिथे कळलं. ते काही भाऊजींना अजून पटलेलं नाही.

असो. माझी निम्मी वेळ गेली. माथ्याकडे चला.

निवाऱ्याच्या वर वाहा नावाची खिंड, २३३७ मीटर. तिथून डावीकडे धोंड्यांवरून, हात टेकत टेकत. निवाऱ्यापासून तासाभरात माथा. माथे शेजारी शेजारी आहेत. मधला २५०३ मीटरचा स्लोवाकियाचा, आणि त्याच्या बाजूचा सीमेवरचा, जो पोलंडच्या पुस्तकांत २४९९ मीटर म्हणून छापला जायचा. तो पोलंडचा सर्वोच्च बिंदू. सीमेचा एक दगड, एवढीच काय ती सरहद्द. १८९९ साली मारी क्युरी आपल्या नवऱ्याबरोबर, पिएरबरोबर, इथे चढून आल्या होत्या. तेव्हा ना साखळ्यांचे असे जिने, ना आजचे बूट. पोलंडच्या बाजूला खाली पाहिलं की दोन तळी दिसतात, एकाच्या वर एक. वरचं जवळजवळ काळं, खालचं मोर्स्किए ओको हिरवं. उन्हाळ्यात माथ्यावर गर्दी असते, बसायला दगड मिळत नाही. पण त्या गर्दीत कुणी स्पीकरवर गाणी लावलेली मी ऐकली नाहीत. आपल्या गडांवर शनिवार-रविवारी काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी बोलत नाही.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, रोपवे नाही का? उंच तात्रामधल्याच लोमनित्स्की शिखरावर आहे, २६३४ मीटरपर्यंत. वर कॉफी मिळते. त्याबद्दल मला एवढंच सांगता येईल.

आता कामाचं, भराभर. तात्रामध्ये उन्हाळ्यात दुपारी वादळ येतं. सकाळ निरभ्र असली तरी येतं. २२ ऑगस्ट २०१९ला पोलंडमधल्या गिएव्होंत या शिखरावर वीज पडली. तिथे लोखंडी क्रूस आहे, साखळ्या आहेत. त्या दिवशी तिथे चार माणसं गेली, स्लोवाकियाच्या हद्दीत आणखी एक, आणि शंभराहून जास्त जखमी झाली. वीज साखळीवरून धावते. म्हणून दुपारच्या आत माथा सोडायचा. पुन्हा सांगतो, दुपारच्या आत माथा सोडायचा. ढग काळे दिसले तर निवाऱ्यातूनच मागे फिरा. चहा झालेलाच असतो.

पोप्रादस्के प्लेसोच्या काठाजवळ एक स्मृतिस्थान आहे, तिथे थोडं वाकडं वळण घेऊन जा. चित्रकार ओटाकार श्टाफ्ल यांच्या कल्पनेतून झालेलं, १९४० साली खुलं झालेलं. कुणाला पुरलेलं नाही तिथे. डोंगरात गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या नैसर्गिक कातळांवर बसवल्यात, आणि मध्ये मध्ये कोरलेले, रंगवलेले लाकडी क्रूस. लाल, पिवळे, निळे. पाट्यांवर तरुण वयंच जास्त दिसली.

स्लोवाकियाच्या बाजूच्या वरच्या वाटा नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत कायद्यानं बंद असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा बेत करू नका. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जा. घोट्यापर्यंतचे बूट, पावसाचं जाकीट, ऑगस्टमध्येसुद्धा टोपी आणि हातमोजे. गुडघे कुरकुरत असतील तर काठ्या घ्या, लाजू नका. खाण्याला दशम्या आणि चटणी न्या, तिसऱ्या दिवशीही चांगल्या राहतात.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. पोलंडमध्ये डोंगरातली सुटका फुकट असते, स्लोवाकियात तिचा खर्च तुमच्याकडून वसूल होतो, हेलिकॉप्टरसकट. त्यामुळे डोंगरातल्या सुटकेचा विमा काढूनच निघा. साधा प्रवासविमा पुष्कळदा हे धरत नाही, आतलं बारीक अक्षर वाचा. स्लोवाकियाच्या पर्वत बचाव दलाचा नंबर १८३००. एक आठ तीन शून्य शून्य. आणि हो, पाटीजवळ ओझी रचलेली दिसली तर एखादं जरूर उचला. गठ्ठा उभा बांधा.

नमस्कार.