प्रार्थनेचा विषय सांगायचा, पण कुणाला?

नमस्कार! रविवारी चर्चमध्ये तुमच्या शेजारच्या बाकावर बसणारे काका नागपुरात राहतात कुठे? सदरला, मोहननगरला की जरीपटक्याला? माहीत नसेल, तर ते आजारी पडल्यावर जाणार कुठे?

उपासना सुटली की दारात हात मिळवतो. "कसं काय?" "देवाची कृपा." संपलं. पुढे कुणी बोलत नाही, कारण बोललं की गावभर होतं. ही भीती खोटी नाही.

होतं कसं, बघा. घरगुती प्रार्थनेत एक ताई सांगतात, मुलाची नोकरी गेली, प्रार्थना करा. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो, "मुलाची नोकरी सुटली, घरी ताण आहे." हा ताण कुणी जोडला? रविवारी चार जण त्या मुलाला गाठून विचारतात आणि पुढच्या रविवारी तो येतच नाही. वाईट हेतू एकाचाही नव्हता.

म्हणून विषय निघाला की तिथेच विचारा, "हे आपल्यातच ठेवायचं, पाळकांना सांगायचं, की ग्रुपवर टाकायचं?" तिन्ही पर्याय बोलून दाखवा. समोरची व्यक्ती गप्प राहिली तर आपल्यातच. विषय मुलाचा असेल तर मुलालाही विचारायचं, आईचा होकार पुरत नाही. आणि प्रार्थनेत तपशील नको. काहींची प्रार्थना म्हणजे डोळे मिटून वाचलेलं बातमीपत्र असतं!

याला अपवाद आहे. घरात मारहाण, मुलांवर अत्याचार किंवा जिवाला धोका असेल, तर "आपल्यातच" चालणार नाही. मुलांसाठी हेल्पलाइन 1098, तातडीला 112.

[स्क्रीनवर: 1098 / 112]

घरगुती प्रार्थनेचा गट आठ-दहा जणांचा बरा. पंधरा झाले की चौघंच बोलतात, बाकीचे मान हलवतात. तेव्हा दोन गट करा. खाणंही ठरवून टाका, चहा-बिस्किटं, बस्स. एका घरी समोसे, दुसऱ्या घरी पुलाव झाला, की तिसरं घर "आमच्याकडे जागा लहान आहे" म्हणतं. जागेचा प्रश्न नसतो हो, खर्चाचा असतो.

आपल्या शहरात आणखी एक जपावं लागतं. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळे चर्च-पंथ, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, ती इथे, नागपुरातच. त्या चर्चमध्ये बालकांचा बाप्तिस्माही चालतो आणि मोठेपणी घेतलेलाही. तेव्हा नव्या कुटुंबाची ओळख "तुमचा बाप्तिस्मा कसा झाला?" इथून सुरू करू नका.

कुणी मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात भरती असेल तर दोघांनीच जा, पंधरा मिनिटं थांबा. बायबलमधलं स्तोत्र 23 किंवा 121, छोटी प्रार्थना. "विश्वास कमी पडला" हे वाक्य तोंडातूनही नको. विचारायचं ते नातेवाइकाला, "रात्री कोण थांबतंय? डबा कुठून येतो?" गोंदिया-छिंदवाड्याहून आलेल्यांना हेच प्रश्न पडलेले असतात.

मयत झाली की आठवडाभर घर भरलेलं. महिन्याने बँकेची, पेन्शनची कागदं निघतात, तेव्हा सोबत कुणी नसतं. तिथे एका माणसाचं नाव ठरवा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 काढा. रोजच्या वाटपात ग्रीकभाषक विधवा सुटत होत्या, कुरकुर झाली, आणि प्रेषितांनी त्यासाठी सात माणसं निवडायला लावली. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

गैरहजेरीचंही तसंच. दोन रविवार दिसले नाहीत तर फोन, तिसऱ्या रविवारनंतर घरी. "का आला नाहीत?" असं विचारू नका, तो हजेरीपटाचा सूर झाला. "दिसला नाहीत, बरं आहे ना?" एवढंच. मे महिन्यात मात्र संध्याकाळी सहाच्या आत कुणाची बेल वाजवू नका. कूलरसमोर आडव्या झालेल्या माणसाला पाळकसुद्धा नको असतात.