गोठणारी जमीन आणि चिमूटभर रसायन

नमस्कार, श्रोतेहो. अतिथंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्ते जागोजागी फुगून वर येतात आणि बर्फ वितळला की त्याच जागी खचतात. हा फुगवटा रसायनांनी कसा आवरतात, ते आज पाहू.

काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये फुटते, हे आपण जाणतोच. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. तेव्हा जमीनही त्यामुळेच फुगत असणार, असे जाणकारही बराच काळ धरून चालले होते. स्टीफन टेबर या अमेरिकी भूवैज्ञानिकांना मात्र ते पटेना. हे गृहस्थ दक्षिण कॅरोलिनासारख्या उबदार राज्यात अध्यापन करणारे. ज्याच्या दारात प्रश्न, त्यालाच उत्तर सुचते, ही समजूत मला तरी कधी पटलेली नाही. १९३०च्या सुमारास त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन वापरून पाहिले. बेंझीन साडेपाच अंश सेल्सिअसला गोठते आणि गोठताना चक्क आकसते. प्रसरण हेच खरे कारण असते, तर त्या मातीने फुगायचे काही कारणच नव्हते. तरीही ती फुगली! पुन्हा सांगतो, गोठताना आकसणाऱ्या द्रवाने माती वर उचलली. याचा अर्थ, गोठणारा थर खालचा द्रव सतत वर ओढून घेत होता आणि त्याचे भिंगासारखे थर मातीत वाढत होते. इतका स्वच्छ पुरावा असूनही बाटलीचाच दाखला पुढे चालू राहतो, याचे मला नवल वाटते.

तेव्हा मुख्य गोष्ट ही, की खालून येणारे पाणी तोडले पाहिजे. १९५०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील विल्यम लॅम यांनी त्यासाठी टेट्रासोडियम पायरोफॉस्फेटसारखी रसायने तपासली. मातीच्या कोरड्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी प्रमाणात ती मिसळली, की बारीक कणांच्या गुठळ्या सुटतात, कण दाटीने बसतात आणि पाण्याची वाट अरुंद होते. फेरिक क्लोराइड नेमके उलट करते. ते बारीक कणांचे पुंजके बांधते, त्यामुळे छिद्रे मोठी होऊन पाणी वर खेचण्याची मातीची ताकद घटते. मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड पाण्याचा गोठणबिंदूच खाली आणते, पण पावसापाण्याबरोबर ते झिरपून जाते आणि काही हिवाळ्यांनंतर रस्ता पुन्हा फुगू लागतो.