न्यू जर्सीचे ६१ सेंट

२०२० च्या एप्रिलमधली गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये कोविडनं थैमान घातलं होतं. राज्याची तिजोरी आटत होती आणि गव्हर्नर अँड्र्यू कुओमो वॉशिंग्टनकडे मदत मागत होते. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, राज्यांनी वाटल्यास दिवाळखोरीचा रस्ता धरावा. त्यांच्या कार्यालयाच्या पत्रकात तर ‘निळ्या राज्यांना’ सोडवायचं नाही, अशीच भाषा होती. निळी म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची, लाल म्हणजे रिपब्लिकनांची. कुओमोंनी लगेच चोपडी उघडली. काही वर्षांची बेरीज मांडून ते म्हणाले, न्यूयॉर्कनं केंद्राला घेतल्यापेक्षा ११६ अब्ज डॉलर जास्त दिले. आणि मॅकॉनेल ज्या केंटकीचे, तिनं दिल्यापेक्षा १४८ अब्ज जास्त उचलले. आता सांगा, कोण कुणाला सोडवतंय?

तुम्ही हसताय, कारण हे भांडण आपल्या ओळखीचं आहे. केंद्राच्या करांतला राज्यांचा हिस्सा वित्त आयोग वाटून देतो; पंधराव्या आयोगाच्या वाटपात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के आणि उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के, हे आकडे ऐकले की आपल्याकडेही आवाज चढतात. पण एक फरक ध्यानात ठेवा. अमेरिकेत वित्त आयोग नाही. कराचा ठरावीक हिस्सा राज्यांना विनाअट देण्याचा प्रयोग अध्यक्ष निक्सन यांच्या काळात, १९७२ मध्ये सुरू झाला आणि १९८६ पर्यंत पुरता गुंडाळला गेला. म्हणजे ‘केंटकीला पैसे मिळाले’ असं आपण म्हणतो तेव्हा ते बहुतांशी केंटकीच्या सरकारला मिळालेलेच नसतात. ते कुणा म्हाताऱ्याच्या पेन्शनचे असतात, कुणाच्या दवाखान्याच्या बिलाचे असतात, लष्करी तळावरच्या पगाराचे असतात.

हा हिशेब मांडण्याची परंपरा जुनी आहे. न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान १९७६ मध्ये निवडून आले, १९७७ मध्ये सिनेटमध्ये गेले आणि दर वर्षी तो मांडू लागले. पुढे टॅक्स फाउंडेशन या संस्थेनंही तसे तक्ते काढले. त्यांचा २००५ चा तक्ता फार गाजला. न्यू जर्सीनं कराचा १ डॉलर भरला की तिथं ६१ सेंट परत येत. मिसिसिपीत १ डॉलरमागे २ डॉलर २ सेंट. लाल राज्यं सरकारी खर्चाला नावं ठेवतात आणि सर्वात जास्त तीच खातात, हा टोमणा तेव्हापासून घरोघरी पोचला.

टोमणा चटपटीत आहे, पण त्याच तक्त्यात पहिला नंबर मिसिसिपीचा नाही. तो न्यू मेक्सिकोचा, २ डॉलर ३ सेंट. आणि न्यू मेक्सिको आज चांगलं निळं राज्य आहे. लॉस अलामोस आणि सँडिया या अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळा तिथं आहेत. वस्ती विरळ, उत्पन्न बेताचं, त्यात हा खर्च; गुणोत्तर फुगणारच. संरक्षण खात्याचं मुख्यालय पेंटागॉन ज्या व्हर्जिनियात आहे तिथंही तेच.

मग न्यू जर्सीला कमी का मिळतं? तिच्यावर कुणाचा राग आहे म्हणून नव्हे. तिथले लोक श्रीमंत आहेत आणि अमेरिकेचा इन्कम टॅक्स चढत्या दरांचा आहे, एवढंच. राज्यं कर भरत नाहीत, माणसं भरतात. दुसऱ्या बाजूला गरिबांच्या आरोग्यासाठी असलेल्या मेडिकेडचं सूत्र बघा. राज्याचं दरडोई उत्पन्न जितकं कमी, तितका केंद्राचा वाटा मोठा. किमान ५० टक्के. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया तिथंच अडकलेत. मिसिसिपीला सुमारे ७७ टक्के. हे सूत्र मतपेटी बघत नाही.

उलट गंमत अशी की काही लाल राज्यांनी आलेले पैसे नाकारलेत. ओबामांच्या कायद्यानं मेडिकेडमध्ये आणखी गरीब प्रौढांना घ्यायचं ठरवलं आणि त्यांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्रानं उचलला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते राज्यांवर सोपवलं. टेक्सास, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी धरून १० राज्यांनी ते अजून घेतलेलं नाही. मला हा निर्णय पटत नाही. पण ‘फुकटे’ हा शब्द निदान इथं बसत नाही.

आणि रंग तरी कुठला खरा? मिसिसिपीतलं ट्युपेलो हे गाव १९३४ मध्ये टेनेसी खोऱ्यातल्या केंद्र सरकारच्या प्रकल्पाची वीज घेणारं पहिलं शहर ठरलं. दोन वर्षांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मिसिसिपीनं डेमोक्रॅट रूझवेल्ट यांना ९७ टक्के मतं दिली. म्हणजे वॉशिंग्टनचा पैसा तिथं पोचू लागला तेव्हा हे राज्य डेमोक्रॅटांचा गड होतं! आता राज्य लाल असलं तरी आत शिरून बघा. नदीकाठच्या डेल्टा भागात कृष्णवर्णीयांची वस्ती, भयंकर गरिबी, आणि मतं मात्र डेमोक्रॅटांना. मदत ज्याच्या घरी जाते तो आणि राज्याला रंग देणारा तो, हे दोघं बऱ्याचदा वेगळे असतात. राज्याची सरासरी काढली की दोघं एकाच पोत्यात जातात.

‘दिले’चा रकानाही तितकाच कच्चा आहे. वॉलमार्टचं मुख्यालय आर्कान्सामधल्या बेंटनव्हिलला. मग त्यांचा कंपनी कर आर्कान्साचा म्हणायचा, की देशभर ज्यांनी तिथून साबण घेतला त्यांचा? मुंबईत भरल्या जाणाऱ्या कराबद्दल आपण हाच प्रश्न सहसा विचारत नाही, कारण उत्तर आपल्या सोयीचं नाही.

पेन्शनचं तर विचारूच नका. माणूस चाळीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये राबतो, सोशल सिक्युरिटीची कपात तिथं होते, आणि निवृत्तीनंतर ऊन खायला तो फ्लोरिडाला जातो. चेक फ्लोरिडात येतो. तक्ता म्हणतो, न्यूयॉर्कनं दिलं, फ्लोरिडानं घेतलं. माणूस तोच!

या सभागृहात निदान दहाजणांची मुलं न्यू जर्सीत असतील. एच-वन-बी व्हिसावर असतील तर त्यांच्याही पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जातात. पेन्शनचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांची कपात लागते, आणि भारत-अमेरिका यांच्यात ही वर्षं एकमेकांत धरण्याचा करार नाही. एखादा मुलगा सात वर्षांनी कोथरूडला परत आला, तर त्याची कपात न्यू जर्सीच्या ‘दिले’ रकान्यात राहते. ‘मिळाले’ रकान्यात तो पन्नासपैकी कुठल्याच राज्यात सापडत नाही.