सुईनंतरचे पहिले चार तास

श्रोतेहो, नमस्कार.

पाळी जाण्याआधीच्या वयात काही स्त्रियांची कामेच्छा ओसरते. कारण सापडत नाही आणि मनस्ताप मात्र होतो. या तक्रारीवर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ साली ब्रेमेलानोटाइड नावाच्या इंजेक्शनला मान्यता दिली. संबंधाच्या निदान पाऊण तास आधी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली ते स्वतःच टोचून घ्यायचं असतं. ते मेंदूतल्या मेलॅनोकॉर्टिन ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या रेणूंवर काम करतं. पण हे ग्राहक केवळ इच्छेपुरते नसतात, रक्तदाबाशीही त्यांचा संबंध असतो. म्हणूनच प्रत्येक डोसनंतर बीपी थोडं चढतं आणि नाडी किंचित मंदावते.

किती चढतं? सरासरीने वरचा आकडा सुमारे ६ अंकांनी आणि खालचा सुमारे ३ अंकांनी. दोन ते चार तासांच्या दरम्यान ही वाढ सर्वांत जास्त असते आणि साधारण बारा तासांत बीपी मूळपदावर येतं. निरोगी बाईला हे जाणवणारही नाही. पण सरासरी म्हणजे तुमचा आकडा नव्हे. ज्यांचं बीपी आटोक्यात नाही किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी हे औषध घ्यायचंच नाही.

आता खरी गोम मोजण्याच्या वेळेत आहे. रात्री नऊला सुई घेतली, दुसऱ्या दिवशी अकराला दवाखान्यात बीपी तपासलं, तर ते नॉर्मलच येणार! चढउतार तोवर होऊन गेलेला असतो. औषधांच्या चाचण्यांत म्हणूनच दंडाला दिवसभर पट्टा बांधून ठरावीक अंतराने आपोआप बीपी नोंदवणारं यंत्र वापरतात. घरी एवढं शक्य नाही, आणि मध्यरात्री उठून बीपी कोण मोजणार, हेही मला कळतं. पण सुरुवातीच्या डोसांना सुई घेण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा मोजता आलं, तर डॉक्टरांना त्या आकड्यांतून बरंच कळतं. आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. संबंधांनंतर लगेच मोजू नका, तेव्हाचा आकडा श्रमाचा असतो. आकड्याशेजारी सुईची वेळ लिहा. वेळेशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

चोवीस तासांत एकच डोस, महिन्यात आठपेक्षा जास्त नाहीत. मळमळ खूप जणींना होते, विशेषतः पहिल्या डोसला. तिचा बीपीशी संबंध जोडून घाबरू नका.

याच तक्रारीवरचं दुसरं औषध म्हणजे फ्लिबॅन्सेरिनची गोळी, मान्यता २०१५ची. ती रोज रात्री झोपताना घ्यायची असते आणि तिचा धोका नेमका उलटा, म्हणजे बीपी उतरण्याचा. दारूच्या जोडीला घेतली तर चक्कर येऊन शुद्ध हरपू शकते. बुरशीच्या संसर्गावर सर्रास दिली जाणारी फ्लुकोनॅझोलची गोळीही तिच्यासोबत चालत नाही. संसर्गासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जाणारी बाई संकोचापोटी फ्लिबॅन्सेरिनचं नाव घेत नाही, आणि मग पोटात दोन्ही गोळ्या एकत्र येतात. तोंडाने सांगवत नसेल तर पाकीट समोर ठेवा.

आणि सुईनंतर छातीत दुखलं, धाप लागली किंवा डोकं असह्य ठणकू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. तातडीने रुग्णालयात जा आणि सुई किती वाजता घेतली, ते आधी सांगा.