अवजार बदलताना मध्ये माणूस नको

नमस्कार मंडळी. मला अर्धा तास दिलाय आणि विषय ठरलाय, जुनी अवजारं क्विक हिचला, म्हणजे ट्रॅक्टरवर बसूनच अवजार जोडणाऱ्या चौकटीला, कशी जुळवायची. समोर निफाड, दिंडोरी, चांदवडकडची माणसं बसलीत, तेव्हा टॉपलिंक, म्हणजे अवजाराचा वरचा जोड, काय असते हे सांगण्यात वेळ घालवत नाही. पण आधी एक विचारतो. ज्यांच्या ट्रॅक्टरला अवजार निसटू न देणाऱ्या लिंच पिनेच्या जागी वाकवलेला खिळा नाहीतर बाइंडिंगची तार आहे, त्यांनी हात वर करा. बघा, पुढच्या दोन रांगा पूर्ण! खाली घ्या आता. पिन हरवते, कारण ती सारखी काढावी लागते. सकाळी फवारणीचा ब्लोअर, दुपारी रोटाव्हेटर, आणि आभाळ आलं की रात्री परत ब्लोअर. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचा महिनाभर आपण अवजारंच बदलत असतो.

मी या विषयाकडे वळलो ते एका रात्रीमुळे. छाटणी होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते, घड बाहेर पडत होते. रात्री अकराच्या सुमाराला पाऊस सुरू झाला आणि दीडला थांबला. डाऊनी रोगाच्या भीतीनं त्या वेळी कोण झोपतो? दोन वाजता बागेत फवारा मारायचा ठरलं. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर होता. तो काढला, माउंटेड ब्लोअर लावायला घेतला. नाना, म्हणजे माझे वडील, स्टेअरिंगवर. मी बॅटरी धरलेली. भाऊ नावाचा आमचा सालदार मध्ये, चाक आणि ब्लोअरच्या टाकीच्या मधल्या जागेत. ती जागा तुम्हाला माहीत आहे. माणूस तिरका होऊनच तिथं मावतो.

ट्रॅक्टरचा डावा हात, म्हणजे खालची लिंक, ब्लोअरच्या पिनेवर बसला. उजवा येईना, दोन बोटं बाहेर राहत होता. जमीन ओली, ब्लोअर एका बाजूला दबलेला. भाऊनं पहार घातली, टाकीला खांदा लावला, आणि ओरडला, "नाना, इवलंसं मागं." नानांनी क्लच सोडला. इंजिनाच्या आवाजात 'बस' ऐकू आलं नाही. लिंकचा गोळा पिनेवर बसला खरा, पण पिन आणि गोळ्याच्या मध्ये भाऊचं बोट होतं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. पहिलं पेर गेलं.

भाऊ ओरडला नाही. हात मुठीत धरून टायरला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "औषध कालवलंय, वाया जाईल." आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. नाना चार दिवस ट्रॅक्टरवर बसले नाहीत.

आता भाऊ आमच्याकडेच आहे. ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे फाटे, तारेला बांधायला त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. सुतळीचा फेर तारेवरून घ्यायचा, अंगठा आणि त्या बोटानं पीळ द्यायचा, की गाठ तयार. आता तो पीळ मधल्या बोटानं देतो. दर वेलीला एक क्षण जास्त लागतो. तो क्षण मी बघतो, आणि म्हणून आज इथं उभा आहे.

ट्रॅक्टरला अवजार लावायची तीन जोडांची ही पद्धत मुळात माणूस वाचवायलाच आली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपण ज्याला मॅसी म्हणतो त्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन म्हणजे हॅरी फर्ग्युसन. पुण्याच्या कॉलेजचा तो नव्हे. ते मुंबईचे गव्हर्नर होते, हा आयर्लंडचा मेकॅनिक. जन्म १८८४चा. त्या काळी नांगर साखळीनं ओढायचे. फाळ दगडाला अडला की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर यायचं आणि चालक खाली चिरडायचा. फर्ग्युसननं नांगर ट्रॅक्टरचाच भाग केला. खालचे दोन हात ओढतात, टॉपलिंक उलटा रेटते आणि पुढची चाकं जमिनीला दाबून ठेवते. १९३६ला त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला, १९३९ला फोर्डबरोबरचा आला, आणि पुढं सगळ्या जगानं तेच उचललं. चालवणारा माणूस वाचला. जोडणारा मात्र अजून त्या सापटीत उभा आहे. क्विक हिच ते राहिलेलं काम करते, असं माझं ठाम मत आहे.

हिच म्हणजे उलट्या यू आकाराची जाड लोखंडी चौकट. ती ट्रॅक्टरवर कायम राहते. खाली दोन हुक, वर एक. रिव्हर्समध्ये जायचं, हुक पिनांच्या खाली आणायचे, हायड्रोलिक उचलायचं. आधी वरचा हुक पकडतो, मग अवजार आपल्या वजनानं खालच्या हुकांत बसतं. लॉक लागलं की निघालात.

हे बघून मी घाईनं हिच आणली. घरी आणून लावली, तर एकही अवजार बसेना. टेप घेऊन अंगणात मोजत बसलो. सात अवजारं, खालच्या पिनांतलं अंतर साडेपंचवीसपासून एकोणतीस इंचांपर्यंत! एका रोटाव्हेटरवर तर 'कॅटेगरी वन' या ठरलेल्या मापाचा ठसा होता आणि अंतर दीड इंच जास्त. बनवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, आजवर कोणाची तक्रार नाही." कशी असेल? ट्रॅक्टरचे हात साखळीवर डुलतात, अंतर कमीजास्त असलं तरी खपून जातं. चौकट डुलत नाही. आपण हजारो रुपये मोजायचे आणि ठशाला अर्थ नसावा, याचा मला राग आहे आणि तो तुम्हालाही यायला हवा. पुढच्या वेळी अवजार घेताना टेप खिशात ठेवा, दुकानातच मोजा आणि अंतर बिलावर लिहून घ्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं. ठीक आहे, मुख्य काम भरभर सांगतो, लिहून घ्या.

पहिल्यांदा तुमचा ट्रॅक्टर कोणत्या मापाचा ते बघा. कॅटेगरी वनला खालचं अंतर ६८३ मिलिमीटर, म्हणजे सत्तावीस इंचाला किंचित कमी. खालची पिन सात सूत, वरची सहा सूत; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बागेतल्या काही मिनी ट्रॅक्टरना अरुंद माप असतं, तिथं अंतर फक्त ४०० मिलिमीटर. त्यांनी मोठी हिच घेऊ नये. हुक पिनेपेक्षा मोठे असतात, म्हणून पिनेवर बुश चढतो. खालचा बाहेरून दीड इंचाला अर्धा सूत कमी, वरचा सव्वा इंच. लेथवर करून घ्या. बुश पिनेला वेल्ड करू नका, पिनेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. बाहेरून लॉक पिन लावा.

दुसरं, उंची. आपल्या अवजारांत खालच्या पिनेपासून टॉपलिंकच्या भोकापर्यंत बहुधा अठरा इंच असतात. बऱ्याच हिचांचा वरचा हुक पंधरा इंचांवर असतो. वर-खाली सरकणारा हुक असलेलीच हिच घ्या, म्हणजे वेल्डिंग वाचेल. अवजाराच्या वरच्या दोन पट्ट्यांत हुक मोकळा जायला हवा. मध्ये आडवी पट्टी असेल तर कापून मागं घ्यावी लागेल. ते काम चांगल्या वेल्डरकडून करून घ्या, सगळा भार तिथंच येतो.

तिसरं विसरलात तर नुकसान होईल. हिच लावली की अवजार चार-पाच इंच मागं जातं. रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा दांडा, तुम्ही पूर्वी कापून आखूड केला असेल, तर त्याच्या नळ्या आता एकमेकांत कमी राहतील. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. त्या वेगात नळी सुटली तर काय होईल ते सांगायला नको. अवजार वर-खाली करून सगळ्या उंचीवर मोजा. अपुरा असेल तर नवा शाफ्ट घ्या. शाफ्ट हातानंच जोडायचाय, तेव्हा इंजिन बंद आणि किल्ली खिशात. वजन मागं सरकल्यानं पुढचं तोंड हलकं होतं, म्हणून पुढं वजनं लावा. बागेच्या टोकाला वळायला चार-पाच इंच जास्त लागतात, तेही धरा.

शेवटचं. अवजार काढताना ते सपाट जागी, स्टँडवर उभं राहिलं पाहिजे. आम्ही शेडसमोर सिमेंटचा कोबा केला. ब्लोअर त्या रात्रीसारखा दबलेला असेल तर चांगली हिचही त्याला पकडत नाही.

दोन मिनिटं उरलीत म्हणतात. मी अँगलचा एक साचा आणलाय, हिचच्या मापाच्या तीन भोकांचा. बाहेर लिंबाखाली माझ्या ट्रॉलीत आहे. तुमच्यापैकी पाच-सहा जण ट्रॅक्टरला अवजार लावूनच आलेत, मी येताना पाहिलंय. चहा घेऊन तिकडं या, साचा लावून बघू. भाऊही आलाय, टेप त्याच्याकडे आहे.