घरचा संगणक, नवी प्रणाली आणि जुनी मराठी कागदपत्रे

नमस्कार, श्रोतेहो.

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संगणक प्रणालीचा नियमित आधार थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही प्रणाली दहा वर्षे आपल्या घरांतून आणि दुकानांतून चालत होती. त्या तारखेनंतर ती बंद पडली असा अनेकांचा समज झाला, पण तसे घडलेले नाही. संगणक पूर्वीसारखाच सुरू होतो, पत्रे छापली जातात, छायाचित्रे दिसतात. थांबला आहे तो सुरक्षा-दुरुस्त्यांचा नियमित पुरवठा. कोणत्याही प्रणालीत नवे दोष सापडतच राहतात, आणि ते बुजवणारे कोणी नसेल तर ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो तो हळूहळू उघड्या दाराच्या घरासारखा होत जातो. घरगुती वापरकर्त्यांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत या दुरुस्त्या मिळण्याची सोय जाहीर झाली, पण तेवढ्याने प्रश्न फक्त वर्षभर पुढे गेला.

विंडोज ११ घ्यावी, तर तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय संगणकात असावी लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर, थोडे अपवाद सोडता, तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१६ साली घेतलेला, ज्याचा पडदा, कळफलक आणि मेमरी आजही ठणठणीत आहे असा लॅपटॉप केवळ त्याच्या जन्मवर्षामुळे या यादीबाहेर राहतो. चालते यंत्र टाकून देणे मला पटत नाही. माझ्या आईकडे असाच एक लॅपटॉप आहे, आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स बसवायचे आम्ही ठरवले. प्रणाली प्रत्यक्ष बसवण्याचे काम एका दुपारी झाले. त्याआधीची आणि नंतरची कामे मात्र कितीतरी आठवडे चालली, आणि आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः त्या आठवड्यांविषयी.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने आणि टोरवाल्ड्स यांचा गाभा एकत्र येऊन जी मुक्त प्रणाली उभी राहिली, तिच्यावर आधारलेली अनेक वितरणे, म्हणजे वापरायला तयार असे प्रणालीचे संच, आज विनामूल्य मिळतात. केरळमधल्या सरकारी शाळांत मुले अशाच मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात, आणि आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेनेही बॉस नावाचे वितरण विकसित केले आहे. विंडोजची सवय असलेल्या घरासाठी मी लिनक्स मिंट हे वितरण सुचवते, कारण तिथे खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो, उजवीकडे घड्याळ असते आणि फोल्डर ओळखीच्या पद्धतीने उघडतात. २ जीबी मेमरीवर ती चालते, ४ जीबी असेल तर सुखाने चालते, आणि मिंटच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मॅकचा पर्यायही आहे, पण त्यासाठी यंत्रच नवे घ्यावे लागते, म्हणून आजच्या बोलण्यात तो मी घेत नाही.

लिनक्सची एक फार सोयीची गोष्ट अशी, की ती न बसवताही वापरून पाहता येते. प्रणालीची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून ती बूट होईल, म्हणजे तिच्यावरून संगणक सुरू होईल, अशा रीतीने पेनड्राइव्हवर लिहायची, त्यासाठी रूफस किंवा व्हेंटॉय यांसारखी साधने आहेत, आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. आतल्या डिस्कला हात न लावता सारी प्रणाली समोर उभी राहते. वेग थोडा कमी वाटेल, त्याकडे लक्ष देऊ नका. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात आपला चेहरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे तपासा. सर्वांत आधी घरातल्या प्रिंटरवर एक पान छापून पाहा. गेल्या काही वर्षांतले बहुतेक वायफाय प्रिंटर कोणताही वेगळा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र जोडून देणारी आज्ञावली, न मागता छापू लागतात, पण काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर अडून बसतात. ते त्या दिवशी कळलेले बरे.

आता कागदपत्रांकडे येते. घरातल्या संगणकावर आपण करतो ती निम्म्याहून अधिक कामे आज ब्राउझरमध्ये होतात. ईमेल, बँक, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, प्राप्तिकराचे विवरणपत्र या कामांना खाली कोणती प्रणाली आहे याने सहसा फरक पडत नाही. छायाचित्रे, गाणी, पीडीएफ याही जशाच्या तशा नव्या घरी येतात. वर्ड आणि एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिस या विनामूल्य पर्यायात उघडतात, क्वचित तक्त्यांची मांडणी सरकते. मात्र मराठी लिहिणाऱ्या घरात एक गाठ उरतेच, आणि ती आपल्याच घरातल्या जुन्या फायलींत बसलेली असते.

माझ्या आईने २००४ ते २००८ या काळात आपल्या माहेरच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून त्या संगणकावर टंकून घेतल्या होत्या. सुमारे तीनशे ओव्या होत्या, आणि सांगणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. नव्या प्रणालीत मी ती फाइल उघडली तेव्हा पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हे यांची नुसती रास होती. आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा पाहून मला त्या क्षणी आपण केलेल्या घाईचा पश्चात्ताप झाला.

फाइल बिघडलेली नव्हती. ती पहिल्यापासून तशीच होती, आणि तिच्यावर घातलेला मराठी वेश विंडोजबरोबर मागे राहिला होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी आपल्याकडे मराठी टंकलेखन ज्या फॉन्टांनी होत असे, ते रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवत. उदाहरणार्थ, कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतो. फॉन्ट जागेवर असेपर्यंत आपल्याला ‘मराठी’ दिसते, आणि फॉन्ट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. प्रत्येक फॉन्ट-घराण्याची ही सांकेतिक मांडणी वेगळी होती. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ते, वकिलांचे मसुदे, शाळांच्या स्मरणिका अशा कितीतरी लेखनाचा साठा आजही घरोघरी या स्वरूपात पडून आहे. विंडोज न सोडताही तो धोक्यात आहे, कारण त्या फायलींत शोध घेता येत नाही आणि त्यांतला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की त्याची रोमन रास होते. संगणक बदलण्याच्या निमित्ताने हे काम हाती घेतले, तर ती मराठी लेखनाची मोठी सेवा होईल असे मला मनापासून वाटते.

ते कसे करावे, हे मी अनुभवाने सांगते. जुनी प्रणाली काढण्यापूर्वी, म्हणजे मजकूर अजून नीट दिसत असतानाच, प्रत्येक महत्त्वाची मराठी फाइल उघडा आणि तिच्या फॉन्टचे नेमके नाव वहीत लिहून ठेवा. नावाशिवाय पुढचे रूपांतर जवळजवळ अंधारातले आहे. मग त्याच फाइलची पीडीएफ प्रत काढा, कारण पीडीएफमध्ये अक्षरांची रूपे फायलीतच साठवता येतात. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून मराठी दिसते याची खात्री केली, की मूळ पान कसे होते याचा पुरावा आपल्या हाती राहतो. फॉन्टची स्वतःची फाइलही जपून ठेवा. ट्रूटाइप प्रकारचा फॉन्ट लिनक्सवरही बसतो आणि जुना मजकूर पुन्हा वाचता येतो. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. त्यासाठी फॉन्टनिहाय परिवर्तके मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टंकला जाई आणि रफार अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो, आणि जोडाक्षरांपाशी परिवर्तक हमखास चुकतो.

सर्वांत अधिक चुकते ते आपले खास मराठी अक्षर, म्हणजे ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आडव्या रेघेचा अर्धा र. हिंदीसाठी बेतलेल्या साधनांना तो ठाऊक नसतो. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे दोन शब्द त्या एका रेघेने वेगळे झालेले आहेत, आणि ओवीत एकाच्या जागी दुसरा आला तर सह्याद्रीच्या पायथ्याशी दळण दळणारी बाई एकाएकी समुद्राकाठी जाऊन बसते. म्हणून प्रत्येक ओळ माणसानेच वाचून तपासावी लागते, या कामाला आडवाट नाही.

नव्या टंकलेखनाचे मात्र फारसे अडत नाही. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकाचा भाग आहे, त्यामुळे ज्यांनी तो शिकून घेतला आहे त्यांची बोटे विंडोजवर आणि लिनक्सवर त्याच कळांवर पडतात. रेघेचा अर्धा र हवा असेल तर शिफ्ट दाबून जे ही कळ दाबायची, मग हलन्तासाठी डी आणि पुढे य. रोमन अक्षरांनी मराठी लिहिणाऱ्यांसाठी उच्चारानुसारी कळफलकही मिळतात, पण त्यांच्या कळा साधनागणिक बदलतात आणि सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणखी एक लहानशी अडचण सांगून ठेवते. विंडोजवर युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर बहुधा मंगल या फॉन्टमध्ये असतो. हा फॉन्ट आपले थोर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला, पण तो विंडोजबरोबर येतो, लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो हे फॉन्ट येतात, अक्षरांची रुंदी बदलते आणि दहा पानांचा मजकूर अकराव्या पानावर जातो. मजकुराचे काही बिघडत नाही, फक्त अर्ज ठरलेल्या पानांत बसवायचा असेल तर पुन्हा पाहावे लागते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फॉन्ट दोन्ही प्रणालींवर विनामूल्य बसवता येतो, आणि आम्ही आता सारे लेखन त्यातच ठेवतो.

या अनुभवामुळे मी सर्वांना एकच क्रम सुचवते, आणि तो बहुतेकांच्या मनातल्या क्रमाच्या उलट आहे. प्रणाली शेवटी बदला, कार्यक्रम, म्हणजे रोज वापरतो ती सॉफ्टवेअर, आधी बदला. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी हे कार्यक्रम विंडोजवरही विनामूल्य चालतात. महिना-दीड महिना जुन्याच संगणकावर ते वापरा. कुठे अडते, कोणती फाइल नीट उघडत नाही, हे ओळखीच्या घरात बसून कळते, आणि ज्या दिवशी प्रणाली बदलते त्या दिवशी रोजच्या कामातले फारसे काही नवे उरत नाही. घरातल्या ज्येष्ठ माणसांसाठी तर हा क्रम मी अनिवार्य मानते. त्यांना एका सकाळी सारेच अनोळखी करून देणे बरे नव्हे.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी तीन गोष्टींत चूक महागात पडते. पहिली म्हणजे बॅकअप. तो बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, कारण न तपासलेला बॅकअप हा नुसता समज असतो. दुसरी गोष्ट डिस्कच्या कुलुपाची. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत बिटलॉकर नावाचे कूटबंधन मालकाच्या नकळत सुरू असते, आणि बूटची रचना बदलली की ते अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागते, म्हणून ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. तिसरी गोष्ट दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांसाठी. विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करा, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट धरून ठेवते आणि लिनक्सला त्या भागात लिहिता येत नाही. विंडोज कायमची गमावण्याची भीती मात्र बाळगू नका. विंडोज ८ पासून पुढे ज्या लॅपटॉपांत ती कारखान्यातूनच आली, त्यांतल्या बहुतेकांत तिची परवाना-किल्ली मदरबोर्डवरच साठवलेली असते, आणि तीच आवृत्ती पुन्हा बसवली की ती आपोआप ओळखली जाते.

काही घरांनी विंडोज सोडू नये, हेही मी स्पष्ट सांगते. घरातून टॅलीवर हिशेब लिहिणारे, पेजमेकरमध्ये अंक लावणारे, किंवा ज्यांच्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी मिळतो असे लोक, यांनी दोन्ही प्रणाली ठेवाव्यात किंवा जमेल तेव्हा नवे यंत्र घ्यावे. तत्त्वासाठी रोजीरोटीचे काम अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्या घरी आता तो लॅपटॉप मिंटवर चालतो. ओव्यांच्या फाइलचा फॉन्ट कोणता होता, ते मला आधी न लिहून ठेवल्यामुळे शोधून काढावे लागले. सुदैवाने जुन्या बॅकअपमध्ये फॉन्टची फाइल सापडली, आणि पडद्यावर पहिली ओवी पुन्हा उमटली तेव्हा आईने ती मोठ्याने वाचली. मग रूपांतर झाले, आणि आता ती रोज दुपारी पीडीएफ शेजारी उघडून एकेक ओळ ताडून पाहते. काल फोनवर तिने सांगितले, की दोनशे चाळीस ओव्या झाल्या, आणि एका ठिकाणी त्या पीडीएफ प्रतीतच ‘दर्या’ होते, ते मूळ सांगणाऱ्या आजींच्या तोंडी ‘दऱ्या’ असेच होते हे तिला आठवले. तेवढी वीस वर्षांपूर्वीची चूक तिने शिफ्ट आणि जे दाबून दुरुस्त केली.

नमस्कार.